मास्तरांची सुई, मिस्टरांच्या गोळ्या

दुकानात नवीन आलेलं गिऱ्हाईक हमखास चुकायचं. दारातून आत पाऊल टाकलं, की खिडकीपाशी इस्त्री फिरवणारे पांढऱ्या मिशांचे, रुंद खांद्यांचे गृहस्थ दिसायचे. गिऱ्हाईक सरळ त्यांच्याकडे जाऊन म्हणायचं, "मास्तर, एक कोट शिवायचाय." गृहस्थ इस्त्री उभी करायचे आणि हनुवटीनंच मधल्या लांबलचक टेबलाकडे खूण करायचे. "मास्तर तिकडे आहेत." तिकडे पाच फुटांनाही दोन बोटं कमी असलेली एक बाई लाकडी ठोकळ्यावर उभी राहून कापड कापत असायची.

शिंप्याच्या धंद्यात जो कापतो तो मास्तर. शिवणारे पुष्कळ मिळतात, इस्त्रीवाले त्याहून जास्त, पण कात्री एकाच्याच हातात असते. या दुकानात ती चौतीस वर्षं बायकोच्या हातात होती आणि नवरा इस्त्री करत होता. तेव्हा ती मास्तर आणि तो मास्तरांचा मिस्टर. पुढे लोकांनी तेही आखूड करून नुसतं 'मिस्टर' केलं. मिस्टरांच्या थोरल्या बहिणीला हे पहिल्यापासून खुपायचं. "नाकापेक्षा मोती जड झालाय तुझ्या घरात," ती म्हणायची. मिस्टर म्हणायचे, "मोती आहे एवढं तरी कबूल केलंस, ताई."

खरं तर मिस्टरांना त्या मोत्याचा फार अभिमान होता. माणूस दारातून आत येईपर्यंत मास्तरांना त्याच्या गळ्याचं माप कळायचं. टेप लावायची ती केवळ गिऱ्हाइकाचं समाधान व्हावं म्हणून. मास्तर टेप लावून आकडे सांगायच्या, मिस्टर लाल पुठ्ठ्याच्या वहीत लिहायचे, आणि वहीत गेलेला आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. एकदा एक गृहस्थ कोट घट्ट होतो म्हणून तावातावानं भांडायला आले. मास्तरांनी वही उघडली, मग त्यांच्या पोटाला टेप लावली आणि गोड आवाजात म्हणाल्या, "कोट आहे तिथंच आहे. तुम्ही पुढे गेलात." गृहस्थ आणखी एक कोट शिवायला टाकून गेले.

या मास्तरांना पंधरा वर्षांपासून साखरेचा आजार होता, आणि त्यातलं गोळ्यांचं खातं मिस्टरांकडे होतं. बटणं ठेवायचा एक पत्र्याचा डबा त्यांनी गरम पाण्यानं धुऊन घेतला होता. त्यात चौदा कप्पे, सात वारांचे, सकाळचे आणि संध्याकाळचे. सकाळी न्याहारीआधी एक छोटी गोळी, दोन्ही जेवणांबरोबर एक मोठी पांढरी. मिस्टर तळहातावर गोळी घेऊन उभे राहायचे आणि ती गिळली जाईपर्यंत हलायचे नाहीत. मास्तर वैतागायच्या, "अहो, मी काय शाळेतली पोर आहे?" पण पंधरा वर्षांत एक गोळी चुकली नव्हती.

आणि तरीही साखर चढली. आधी मास्तरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला. निळ्या कापडावरची खडूची रेघ त्यांना धुक्यात गेल्यासारखी दिसू लागली. त्यांनी कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. खडू जरा जाड ओढायच्या आणि बोटानं रेघ चाचपत कात्री चालवायच्या. पण एके दिवशी काळ्या कापडाचा तागा समोर आला, मास्तर बराच वेळ त्याच्यावर हात फिरवत राहिल्या आणि शेवटी कात्री खाली ठेवून म्हणाल्या, "हे परत पाठवा. मला नाही जमायचं." मिस्टरांनी हे वाक्य त्यांच्या तोंडून पूर्वी कधी ऐकलं नव्हतं.

डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन साधं आहे, पण उपाशीपोटीची साखर दोनशे चौदा असताना मी हात लावणार नाही. जखम चिघळली तर असलेलं दिसणंही जाईल. एकशे चाळीसच्या खाली आणा, मग या. म्हणजे गोष्ट सरळ होती. साखर उतरली तर डोळे, डोळे असले तर कात्री. आणि कात्री नसलेल्या मास्तरांची कल्पना मिस्टरांना करवत नव्हती.

साखरेच्या डॉक्टर म्हणजे एक चाळिशीच्या, भरभर बोलणाऱ्या बाई. त्यांनी कागद पाहिले आणि म्हणाल्या, "आता गोळ्यांच्या जोडीला इन्शुलिन लागेल. रोज सकाळी एकदा, पोटावर."

मिस्टरांचा चेहरा उतरला. "म्हणजे माझ्या गोळ्या नापास झाल्या?"

"तुमच्या गोळ्या पहिल्या नंबरानं पास आहेत. दमली आहे ती ह्यांच्या पोटातली ग्रंथी. पंधरा वर्षं छोटी गोळी तिला हाकत होती. आता हाकून हाकून किती चालेल? छोटी गोळी आपण अर्धी करू. मोठी पांढरी मात्र तशीच चालू ठेवायची. ती शरीराला इन्शुलिनचं ऐकायला लावते, म्हणजे इन्शुलिनही कमी लागतं."

"सुई सुरू झाली की गोळ्या बंद होतात, असं लोक म्हणतात," मिस्टर म्हणाले.

मास्तर पुढे सरकल्या. त्या म्हणाल्या, "अहो, कोटाला अस्तर लावलं म्हणून वरचं कापड उसवून टाकतो का आपण?"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "हे मी आता प्रत्येक पेशंटला सांगणार," त्या म्हणाल्या. मिस्टरांनी जणू स्वतःच बोलल्यासारखी मान ताठ केली.

सुरुवात दहा युनिटांनी करायची. दर चार-पाच दिवसांनी उपाशीपोटीची साखर फोनवर कळवायची, आणि जास्त असली तर दोन युनिटं वाढवायची. साखर फार खाली गेली तर काय करायचं तेही बाईंनी लिहून दिलं. घाम, थरथर, बोलण्यात गोंधळ, असं काही दिसलं की तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजा, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. तो कागद मिस्टरांनी इस्त्रीच्या टेबलावर भिंतीला चिकटवला.

त्या संध्याकाळी ताई आल्या. त्यांना बातम्या कशा कळतात कोण जाणे. "सुई लागली म्हणजे शेवटची पायरी ग बाई," त्या मास्तरांचा हात हातात घेऊन म्हणाल्या. "त्यापुढे काही नसतं." असं सांत्वन करणारं माणूस घरी येण्यापेक्षा वीज गेलेली परवडली. मास्तर हसून म्हणाल्या, "वन्सं, आयुष्यभर सुईनं पोट भरलं. आता सुईच पोटात गेली तर तक्रार कुणाकडे करू?" ताईंना हसावं की रडावं कळेना. मिस्टर मात्र आत जाऊन पोट धरून हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे का भरून आले हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

कामाची वाटणी मास्तरांनीच केली. "गोळ्या तुमच्या, सुई माझी." मिस्टरांनी मोठ्या मनानं हे मान्य केलं, कारण सुई अंगात शिरताना त्यांना पाहवत नसे. दोन मणांचा तागा खांद्यावर टाकणारा हा गडी, पण लेकीला लहानपणी लस टोचली तेव्हा तीच बापाला धीर देत होती.

इन्शुलिनचं यंत्र जाड पेनासारखं होतं. मागची चकती फिरवली की एकेका युनिटाला 'टक' असा आवाज यायचा. चकतीवरचा बारीक आकडा मास्तरांना दिसत नव्हता, तेव्हा त्या टकटक मोजायच्या. रोज सकाळी साडेसातला त्या पलंगाच्या कडेला बसायच्या आणि मिस्टर दुसऱ्या खोलीत जाऊन खिडकीबाहेर पाहत उभे राहायचे. आतून टक, टक, टक ऐकू यायचं, मग शांतता, मग मास्तरांची हाक, "या आता, संपलं युद्ध." मिस्टर आत येऊन वहीच्या मागच्या पानावर मास्तर सांगतील तो आकडा लिहायचे. दहा. बारा. चौदा.

दीड महिन्यात आकडा सव्वीसवर गेला. साखर मात्र रडतखडत उतरत होती. दोनशे चौदाची एकशे नव्वद झाली, मग पावणेदोनशे, आणि एकशे अडुसष्टवर येऊन जी बसली ती हलेना. डॉक्टरीणबाई फोनवर विचारात पडल्या. "सव्वीसला एवढीच? पथ्य पाळताय ना?" मिस्टरांना पहिल्यांदाच बायकोचा संशय आला. मास्तर आंघोळीला गेल्या की ते फडताळातले डबे उघडून हुंगायचे. दुकानातला मास्तरांचा खणही त्यांनी गुपचूप तपासला. तिथं खडूचे तुकडे, शिवताना बोटात घालायचं टोपण आणि लेकीचा लहानपणचा एक फोटो निघाला. मिस्टरांना स्वतःचीच लाज वाटली.

शेवटी बाई म्हणाल्या, "छोटी गोळी पुन्हा पूर्ण करा. बघू दोन-चार दिवस."

दुसऱ्याच दिवशी दुकानात मास्तरांचा उजवा अंगठा इस्त्रीवर टेकला. इस्त्री जिथं रोज असते तिथंच होती, मास्तरांना ती दिसली नाही इतकंच. फोड आला, पट्टी बांधली. मिस्टर दिवसभर इस्त्रीला शिव्या देत होते, जणू तिनंच उठून चटका दिला होता.

आणि म्हणून पुढच्या सकाळी प्रश्न उभा राहिला. त्या पेनाचं बटण अंगठ्यानं दाबायचं असतं.

"राहू द्या आजच्या दिवस," मास्तर म्हणाल्या.

"राहू द्या कसं? मी देतो." मिस्टरांच्या कपाळावर घाम होता. "किती? सव्वीस ना?"

मास्तरांनी पांघरुणाची घडी सारखी केली. "थोडं कमी चालेल."

"तुझ्या मापात कधी थोडं कमी चाललंय? डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच."

मास्तरांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटून घेतलं. मिस्टर मोठ्यानं मोजत चकती फिरवू लागले. त्यांना वाटलं, आज ही टकटक संपतच नाहीये. दुसऱ्या खोलीतून ऐकताना एवढी लांबत नसे. पण भीतीनं सगळंच लांब वाटतं, असं म्हणून त्यांनी सव्वीस पुरे केले, सुई टेकवली, तोंड भिंतीकडे फिरवलं आणि बटण दाबलं.

दुपारी साडेबाराला एक तरुण गिऱ्हाईक लग्नाचा कोट शिवायला आलं. मास्तर टेप घेऊन ठोकळ्यावर चढल्या, मिस्टरांनी वही उघडली.

"खांदा साडेसतरा," मास्तर म्हणाल्या. "छाती चोवीस. बाही अडतीस."

मिस्टरांचं पेन थांबलं. गिऱ्हाईक हसलं. "एवढे लांब हात? मी उभ्या उभ्या बूट बांधू शकेन की!"

मिस्टरांना हसू आलं नाही. चौतीस वर्षांत मास्तरांनी छाती आणि बाही यांची अदलाबदल केली नव्हती. तापात नाही, लेकीच्या बाळंतपणाच्या आदल्या दिवशी नाही, स्वतःची आई गेल्याचा निरोप आला त्या सकाळीही नाही. त्यांनी वर पाहिलं. मास्तरांच्या ओठांवर घाम होता आणि टेपचं टोक हातात थरथरत होतं.

"मास्तर?"

"लिहा ना!" त्या ओरडल्या. मास्तर कधी ओरडत नसत.

मिस्टरांनी वही टाकली. दोन ढांगांत टेबल ओलांडून त्यांनी बायकोला ठोकळ्यावरून अलगद उचललं आणि खुर्चीत बसवलं. भिंतीवरचा कागद त्यांना पाठ होता. तीन चमचे साखर, पेलाभर पाणी, खळखळून ढवळलं. मास्तरांनी पेला ढकलला, थोडं सांडलं, मिस्टरांनी पुन्हा ओठांना लावला. "पी. हे माझं खातं आहे, तू मध्ये बोलायचं नाहीस." मास्तर प्यायल्या. बोट टोचून साखर मोजायच्या यंत्रावर थेंब घेतला, आकडा आला चौपन्न. सुई टोचताना आपण डोळे मिटले नाहीत, हे त्या गडबडीत मिस्टरांच्या ध्यानातही आलं नाही.

पंधरा मिनिटं. गिऱ्हाईक बिचारं कोपऱ्यात हात जोडल्यासारखं उभं होतं. मिस्टर घड्याळाकडे बघत होते आणि मास्तरांचा हात चोळत होते. पुन्हा तपासलं, शहाऐंशी. मास्तरांनी डोळे नीट उघडले, इकडेतिकडे पाहिलं आणि त्यांचं पहिलं वाक्य काय असावं? "छाती अडतीस, बाही चोवीस. आधीचं खोडा." मिस्टरांना त्या क्षणी बायकोच्या पायाच पडावंसं वाटलं. त्यांनी जेवणाचा डबा उघडून तिच्यापुढे ठेवला आणि तोंड फिरवून नाक शिंकरलं.

दुपारीच दोघं डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी वही चाळली आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"पंधरा दिवस वीस-बावीस-चोवीस, मग सव्वीस. काल सकाळी उपाशीपोटी एकशे अडुसष्ट, आणि आज तेच सव्वीस घेऊन चौपन्न? गोळी वाढवली म्हणून इतका फरक पडत नाही. हे का झालं ते कळेपर्यंत मी ऑपरेशनला हो म्हणणार नाही. तपासण्या करू. दोन-तीन महिने पुढे जाईल."

दोन-तीन महिने. मिस्टरांनी मास्तरांकडे पाहिलं. त्या मांडीवरच्या पट्टी बांधलेल्या अंगठ्याकडे बघत होत्या. मिस्टर आयुष्यातलं पहिलं मोठं खोटं बोलले. "डॉक्टर, चूक माझी आहे. आज मी दिलं. हात थरथरत होता. सव्वीसच्या ऐवजी छत्तीस फिरवले गेले. तिचं शरीर अगदी ठीक आहे. ऑपरेशन थांबवू नका."

"छत्तीस? नक्की?"

"छत्तीस," मिस्टर म्हणाले, आणि त्यांचे कान लाल झाले.

"खोटं बोलतायत," मास्तर म्हणाल्या. आवाज शांत होता. "यांनी सव्वीसच दिले. मी मोजत होते. पहिले काही दिवस सोडले तर बरोबर डोस गेला तो फक्त आज. चुकत होते ती मी. कालपर्यंत मी अठराच घेत होते."

डॉक्टरीणबाईंनी वही पुन्हा उघडली.

"पण वहीत सव्वीस लिहिलंय," बाई म्हणाल्या.

"वहीत अंगाचं माप लिहितात, डॉक्टर. शिवणीत किती माया, म्हणजे जास्तीचं कापड, सोडायची ते कुणी वहीत लिहीत नाही. ते मास्तराच्या हातात असतं." मास्तरांनी वर पाहिलं. "तुम्ही सांगितलं ते माप. ते लिहिलं. घेताना थोडं राखून घेतलं. आमच्यात तसंच असतं. कमी कापलेलं मागाहून कापता येतं, जास्त कापलं तर जोडता येत नाही. पहिले दहा पूर्ण घेतले. मग तुम्ही दोन वाढवलेत की मी एक वाढवायची. मला त्यात खोटं वाटलं नाही. आज सकाळी यांनी चकती फिरवायला घेतली तेव्हा पहिल्यांदा वाटलं. पण तेव्हा बोलायची लाज वाटली."

"पण कशासाठी, मास्तर? भीती वाटली? खाली जाईल म्हणून?"

मास्तरांनी अंगठ्यावरची पट्टी सारखी केली. मग म्हणाल्या, "त्याची नाही. लोक म्हणाले, ही शेवटची पायरी. म्हटलं, सगळं घेऊन टाकलं आणि तरी साखर उतरली नाही तर? मग काय करायचं? मग डोळे गेलेच. थोडं हातचं राखलेलं असलं, की रोज वाटायचं, अजून कापड शिल्लक आहे."

चौतीस वर्षं ज्या आकड्यांवर या बाईचं नाव उभं होतं, ते नाव तिनं दोन वाक्यांत स्वतःच्या हातानं खाली ठेवलं होतं, तेही नवऱ्यानं अंगावर घेतलेलं खोटं नको म्हणून. आपण दुसऱ्या खोलीत उभे होतो तेव्हा ती आत एवढं मोठं ओझं घेऊन बसलेली असायची, हे त्यांना आता कळत होतं. कोट बेतताना ती ज्या धिटाईनं कात्री घालते, त्याहून ही धिटाई मोठी होती, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं.

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढे ओढली. "मास्तर, नीट ऐका. कापड माझ्याकडे भरपूर आहे. सव्वीस म्हणजे काही शेवट नाही. तीस आहे, चाळीस आहे, गोळी बदलता येते, वेळ बदलता येते. पायरीबियरी काही नाही. आणि चूक माझीही आहे. मी दर वेळी आकडा विचारला. एकदाही म्हटलं नाही, की कसं घेता ते दाखवा बरं." त्यांनी वहीचं नवं पान उघडलं आणि मधोमध रेघ मारली. "इकडे सांगितलेले, इकडे घेतलेले. दोन्ही लिहायचे. अठरापासून पुढे जाऊ. छोटी गोळी परत अर्धी. मोठी पांढरी?"

"ती चालूच आहे," मिस्टर घाईघाईनं म्हणाले. "ते माझं खातं आहे."

"म्हणूनच तिथं गडबड नाही," बाई म्हणाल्या. मास्तर पहिल्यांदा हसल्या.

अठरा खरेच अठरा घेतले गेले. मग वीस, मग बावीस. वहीत दोन्हीकडे तोच आकडा उतरत होता आणि साखर आपली मुकाट्यानं खाली येत होती. एकशे बावन्न. एकशे एकोणचाळीस. चोवीस युनिटांवर एका सकाळी एकशे एकवीस आली, तेव्हा मिस्टरांनी ताईंना फोन लावला आणि म्हणाले, "ताई, शेवटच्या पायरीवरून बोलतोय. इथून पुढे चांगला जिना आहे."

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन वीस मिनिटांत झालं. डोळ्यावर पट्टी, आणि सूचना अशी, की उद्या पट्टी काढेपर्यंत खाली वाकायचं नाही, मान झुकवायची नाही. डावा डोळा आपल्या धुक्यात होताच.

दुसऱ्या सकाळी साडेसातला मास्तर उशांना टेकून बसल्या होत्या. पोटाकडे वाकून बघता येणार नव्हतं. "आज तुम्ही द्या," त्या म्हणाल्या आणि उघडा डोळाही मिटून घेतला.

मिस्टरांनी पेन हातात घेतलं. या वेळी मोठ्यानं मोजायचं नाही असं त्यांनी ठरवलं, उगाच आवाज कापतो. टक, टक, टक. पंधरा, सोळा. मिस्टरांना ती दुपार आठवली, ओठांवरचा घाम, थरथरणारं टेपचं टोक, "लिहा ना!" वीस, एकवीस, बावीस. कालच ऑपरेशन झालंय. जेवणही नीट गेलं नाही. बावीसवर त्यांचं बोट थांबलं. दोननं असं काय बिघडणार आहे? वहीत चोवीस लिहू.

"अहो," मास्तर म्हणाल्या. "बावीसच झाले."

मिस्टरांचं बोट चकतीवरच होतं.

"घाबरलात?"

"हो."

"मीसुद्धा रोज अशीच थांबायची," मास्तर म्हणाल्या. "तुम्ही त्या खोलीत असायचात, मी इथं एकटी असायची." त्यांनी चाचपडत मिस्टरांच्या मनगटावर हात ठेवला. "आज तुम्ही इथं आहात. फिरवा."

मिस्टरांनी आणखी दोन फिरवले. मग त्यांनी सुई टेकवली, आणि ती आत जाईपर्यंत तिच्याकडे नीट बघत राहिले.